फोंतेन्हासला हॉस्टेल घेतलंय, आता काय करू?

प्रश्न : ताई, आम्ही तिघी मैत्रिणी मार्चअखेरीस कोल्हापूरहून पणजीला जातोय. फोंतेन्हासमधल्या एका हॉस्टेलच्या डॉर्ममध्ये दोन रात्रींचं बुकिंग झालंय. सगळे म्हणतात स्कूटर घ्या आणि बागा-कलंगुटला पळा, पण आमच्यातल्या कुणालाच स्कूटर धड येत नाही. हॉस्टेलपासून पायी जाऊन बघण्यासारखं, खाण्यासारखं आणि (आईला कळू देऊ नका) एखादा बरा बार आहे का?
- एक वाचक, कोल्हापूर

उत्तर : आईला मी नाही सांगणार, पण मासिक घरी येत असेल तर तुझं तू बघ.

स्कूटर नकोच. कदंबाच्या, म्हणजे गोव्याच्या एसटीच्या, स्टँडवर उतरायचं, खाडीवरचा छोटा पूल ओलांडायचा की आलंच फोंतेन्हास, आणि तिथल्या गल्ल्या इतक्या अरुंद की स्कूटर असती तरी पार्किंग शोधण्यातच सकाळ गेली असती.

सकाळी लवकर उठा, कारण पों-पों असा भोंगा वाजवत सायकलवरून पोदेर येतो, म्हणजे पाववाला. त्याच्याकडून पोई घ्या, वरून कोंडा लावलेली आणि आत पोकळ, गरम असली तर नुसतीच संपते. आणि काकणं घ्या, बांगडीएवढी कडक असतात, चहात बुडवल्याशिवाय दाताला दाद देत नाहीत. मग पणजीच्या मोठ्या पांढऱ्या चर्चच्या बाजूला चालत जाऊन कॅफे तातोमध्ये बसा, 1913 सालचा आहे. तिथे पाव-भाजी म्हणजे आपली लोणी घातलेली लालभडक भाजी नव्हे हां, तिथे सुकी भाजी, पातळ भाजी असं मागायचं, न कळल्यास मिक्स म्हणायचं आणि सोबत एक गोड बन्स. गर्दीच्या वेळी अनोळखी माणूस तुमच्याच टेबलावर येऊन बसेल, दचकू नका.

बघायचं म्हणाल तर गल्ल्याच बघायच्या. निळी, पिवळी, गेरूच्या रंगाची घरं, आणि पांढरा रंग फक्त चर्चला असा पोर्तुगीज काळातला दंडक सांगतात. सेंट सेबॅस्टियनचं छोटं चॅपल उघडं मिळालं तर आत जाच, तिथला क्रूसावरचा येशू डोळे उघडे ठेवून, मान वर करून आहे, आणि तो मूळचा ओल्ड गोव्यातल्या इन्क्विझिशनच्या, म्हणजे पोर्तुगीजांच्या धर्मचौकशी न्यायालयाच्या, वाड्यातला, हे कळल्यावर ती नजर जरा वेगळीच वाटते. नदीकडे गेलात तर आबे फारियाचा पुतळा दिसेल, समोर बाई आडवी आणि हा तिच्यावर हात पसरून उभा, भूत उतरवतोय असं वाटतं पण तो संमोहनवाला, कांदोळीत 1756 साली जन्मलेला. आझाद मैदानाजवळच्या मेनेझिस ब्रागांझा संस्थेत निळ्या टाइल्सवरची चित्रं आहेत, दहा मिनिटं पुरतात.

एक मात्र सांगते, ती घरं लोकांची आहेत. मी एकदा एका पिवळ्या घराच्या पायरीवर पोज देऊन बसले होते, तर आतून एक आजी बादली घेऊन आल्या आणि एक शब्द न बोलता मी उठेपर्यंत तीच पायरी धूत राहिल्या. फोटो रस्त्यावरून काढा.

आता बार. जोसेफ बार, गोमिश परेरा रस्त्यावर, आत जेमतेम मूठभर माणसं मावतात म्हणून संध्याकाळी लवकर जा. मार्चअखेर म्हणजे तुमचं नशीब, उर्राकचा सीझन. काजूच्या बोंडांचा रस आंबवून पहिल्यांदा गाळला की उर्राक, परत गाळला की फेणी. ग्लासात उर्राक, वर लिम्का, लिंबू, मीठ आणि उभी चिरलेली हिरवी मिरची, मिरची फसफसत वर येते आणि बोंडाचा वास थेट नाकात जातो. सरबत समजून पिऊ नका. मी उपाशीपोटी दोन ग्लास रिचवून त्या पांढऱ्या चर्चच्या नागमोडी पायऱ्या मोजायला गेले होते, दोनदा मोजल्या, दोन्ही वेळा वेगळ्या आल्या. आणि तिघीही वय दाखवणारं ओळखपत्र जवळ ठेवा.

दुपारी एक ते साडेतीन-चार बरीचशी दुकानं बंद असतात, तेव्हा हॉस्टेलवर पंखा लावून झोपा. उठल्यावर 31 जानेवारी रस्त्यावरच्या जुन्या बेकरीत बेबिंक, म्हणजे थराथरांचा गोड केक, खा. कॉफी दोन गल्ल्या सोडून कुठेही मिळते, त्यासाठी यादी कशाला.

प्रश्न : मी पीत नाही आणि मित्र पितात. पणजीत संध्याकाळी मी काय करू?
- एक वाचक, नाशिक

उत्तर : पणजी जेटीवरून बेतीची फेरीबोट पकड, पायी जाणाऱ्याला तिकीट नाही, मांडवीवरून वारा खात पलीकडे जायचं आणि परत यायचं. मग गाड्यावर रोस ऑम्लेट खा, म्हणजे ऑम्लेटवर शाकुतीचा, खोबरं-मसाल्याच्या गोवन कालवणाचा, गरम रस्सा, कच्चा कांदा, लिंबू आणि पाव, मित्र ग्लास धरून बसलेले असतात तेव्हा तुझंच पोट खरं भरतं. फक्त शेवटची फेरी किती वाजता ते चढतानाच विचारून ठेव, नाहीतर पुलावरून रिक्षाने यावं लागेल आणि रात्रीचा रिक्षावाला म्हणेल तो भाव.