कोरियन लोकल संस्कृतीवर नेचर-थीम स्किनकेअर सेंटर डिझाइन करायचंय, सुरुवात कुठून करू?
दक्षिण कोरियाच्या जेजू बेटापासून करा, सोलच्या चकचकीत दुकानांपासून नको. ज्वालामुखीचं बेट ते, शेताचे बांध काळ्या बसाल्टचे, चुनाबिना न लावता नुसते रचलेले, फटींतून वारा निघून जातो म्हणून टिकतात, तशीच भिंत रिसेप्शनला घ्या, उजेड मस्त झिरपतो (आपला कोकणातला गडगा आठवा, साधारण तसंच!). ट्रीटमेंट रूमला ओंदोल, म्हणजे खालून गरम होणारी जमीन, खिडक्यांना हानजी, म्हणजे तुतीच्या सालीचा पारंपरिक कोरियन कागद. मसाजला कॅमेलिया या फुलझाडाच्या बियांचं तेल ठेवा, तिकडच्या बायका पूर्वीपासून केसांना लावतात. जेजूवरच्याच ओसुलॉक टी म्युझियमशेजारच्या इनिसफ्री (कोरियन स्किनकेअर ब्रँड) जेजू हाऊसचे फोटो बघा, चहाचे मळे बाजूलाच आहेत. आणि प्लीज, छताला प्लास्टिकची चेरीची फुलं लटकवू नका.