वाचकांचे प्रश्न : केदारकंठ्याची तयारी

प्रश्न : आम्ही चौघे जानेवारीत उत्तराखंडातल्या केदारकंठ्याला निघालोय. साल्हेर, कळसूबाई फारसं न थांबता होतात. आणखी काय तयारी करावी? शूज कसे घ्यावेत? (गंगापूर रोड, नाशिक)

उत्तर : पाय तयार आहेत, सवय मोडायची आहे ती न थांबता चढण्याची. कळसूबाई १६४६ मीटर, केदारकंठा सुमारे ३८००. तिथे श्वासागणिक मिळणारा ऑक्सिजन समुद्रसपाटीच्या दोन तृतीयांशाहूनही कमी. आपलं नाशिक सहाशे मीटरवर आहे, त्याचा तिथे काडीचाही उपयोग नाही. म्हणून आता पाठीवर सात-आठ किलो घेऊन अंजनेरी चढा, पण सोबत्याशी सलग बोलता येईल एवढ्याच वेगाने. उतरताना घाई नको. मांड्या आणि गुडघे उतारावरच बोलायला लागतात.

शूज घोटा झाकणारे, पाणी न शिरणारे आणि अर्धा नंबर मोठे. जाड मोजे घालून दुकानात उतरत्या फळीवर उभे राहा. अंगठा पुढे टेकला तर परतीच्या वाटेवर नख काळं पडलंच समजा. कडक बर्फावर शूजला मायक्रोस्पाइक (तळाला बसणारी खिळ्यांची साखळी) चढवा, दगड लागला की काढा. ताज्या भुसभुशीत बर्फात तळाला गोळे चिकटतात, ते काठीने ठोकून पाडत चला. सुती बनियन आणि जीन्स घरीच ठेवा. घामाने भिजलेलं सूत वाळत नाही आणि थांबलात की हुडहुडी भरते. रात्री पाण्याची बाटली उलटी ठेवा, म्हणजे बर्फ बुडाकडे धरतो आणि तोंड मोकळं राहतं.

प्रश्न : डोकं दुखलं तर गोळी घेऊन पुढे जावं का? (सिडको, नाशिक)

उत्तर : मुळीच नाही. वाटेवरचा तळ्याकाठचा मुक्काम जुडा का तालाब (सुमारे २७५० मीटर) ते बेस कॅम्प (सुमारे ३४००) ही एका दिवसातली चढ जास्तच आहे, त्यामुळे डोकं बहुधा तिथेच धरतं. डोकेदुखीसोबत मळमळ किंवा गळाल्यासारखं वाटलं तर तिथेच मुक्काम. आराम पडला नाही तर खाली उतरा. टाचेला पंजा लावत सरळ रेषेत चालताना तोल गेला, तर रात्र असली तरी थांबायचं नाही, सोबतीने लगेच उतरवायचं. उंचीचा त्रास होऊ नये म्हणून अ‍ॅसिटाझोलामाइड ही गोळी साधारण १२५ मिलिग्रॅम दिवसातून दोनदा, आदल्या दिवसापासून देतात. पण ते डॉक्टरांना विचारूनच. सल्फाची अ‍ॅलर्जी असेल तर तसं आधी सांगा. बोटांना मुंग्या येतात, लघवीला वारंवार जावं लागतं, त्याने घाबरू नका.

प्रश्न : बुरांश (हिमालयातला लाल फुलांचा ऱ्होडोडेंड्रॉन) दिसेल का? (नाशिकरोड)

उत्तर : जानेवारीत फुलं नाहीत. ती मार्च-एप्रिलमध्ये.