नाव कुणाचे, पैसा कुणाचा

सप्रेम नमस्कार.

तुझे पत्र मिळाले. तालुक्याच्या नेत्याच्या वाढदिवसाची चार पानी पुरवणी, तिच्यासाठी गोळा करायच्या जाहिराती आणि मुख्य लेख तुझ्या नावाने, हे वाचून मला नवल वाटले नाही. राग मात्र आला, आणि तो थोडा तुझ्यावरही आला, कारण सगळे नीट मांडून झाल्यावर तू शेवटी विचारतेस, ‘आजच्या काळात नैतिकता व्यवहार्य आहे का?’ हा प्रश्न परिसंवादासाठी ठीक आहे. तुझ्यापुढचा प्रश्न त्याहून पुष्कळ लहान आहे आणि म्हणूनच अवघड आहे: या मजकुराचे पैसे कुणी दिले, हे वाचकाला कळणार आहे की नाही?

जाहिरातीचा मला विटाळ नाही. आपले दिवाळी अंक जाहिरातींच्या जिवावरच निघतात, आणि कवितेच्या समोरच्या पानावर मसाल्याची जाहिरात असली म्हणून कुणाची फसगत होत नाही. फसगत होते ती जाहिरात बातमीचे सोंग घेते तेव्हा. तू ते जवळून पाहिलेच आहेस. मजकूर व्हॉट्सअ‍ॅपवर तयार येतो, फोटो सोबत असतो, मथळाही ठरलेला असतो, ‘कार्यसम्राट’ आणि ‘विकासपुरुष’ ही विशेषणे काढायची सोय नसते, आणि आपण फक्त वर गावाचे नाव व ‘प्रतिनिधी’ एवढे टाकायचे असते. वाचकाला वाटते की कुणीतरी तिथे जाऊन पाहून आले. गेलेले कुणीच नसते. २००९ च्या विधानसभा निवडणुकीत आपल्याच राज्यात एकमेकांशी स्पर्धा करणाऱ्या दैनिकांत एकच स्तुतिपर मजकूर जसाच्या तसा बातमी म्हणून छापून आला होता, आणि पत्रकार पी. साईनाथ यांनी तो चव्हाट्यावर आणला. त्यानंतर मालक, उमेदवार, प्रेस कौन्सिल यांच्यावर पुष्कळ बोलले गेले. मी मात्र आजही विचार करतो तो ज्या उपसंपादकाने ते पान लावले त्याचा, कारण त्याला सगळे दिसत होते.

तू लिहितेस की हा नेता खरोखरच कामाचा आहे, त्याने पाणीयोजना आणली. असेलही. मग पुरवणीच्या आधी किंवा नंतर त्या गावात जा, नळाला किती वेळ पाणी येते ते बायकांना विचार आणि बिनपैशाची बातमी लिही. हेतू चांगला असणे पुरत नाही. १८८२ मध्ये टिळक आणि आगरकर यांचा हेतू कुठे वाईट होता? कोल्हापूरच्या महाराजांचा छळ होत आहे असे त्यांना मनापासून वाटत होते, पण ज्या पत्रांच्या भरवशावर त्यांनी आपल्या वृत्तपत्रांतून संस्थानचे कारभारी बर्वे यांच्यावर आरोप केले ती बनावट ठरली, आणि माफी मागूनही दोघांनी डोंगरीच्या तुरुंगात १०१ दिवस काढले. आपल्या नावाने छापले आणि आपल्याच नावाने भोगले. तुझ्या पुरवणीत नाव तुझे असेल आणि पैसा दुसऱ्याचा असेल, म्हणून ती तुलना तुला लागू पडत नाही.

तू कथाही लिहितेस म्हणून सांगतो, तिथेही कसोटी हीच आहे. आपल्याकडे साहित्यातली नीती शोधायला पोलीस जातात. संततिनियमनाचा प्रचार करणारे र. धों. कर्वे यांना ‘समाजस्वास्थ्य’ या मासिकातल्या मजकुरासाठी अश्लीलतेच्या आरोपावरून दंड झाला; चंद्रकांत काकोडकरांची ‘श्यामा’ ही कथा १९६२ च्या एका दिवाळी अंकात आली आणि सर्वोच्च न्यायालयाने त्याच आरोपातून त्यांना निर्दोष ठरवायला १९६९ उजाडले. पात्राने काय केले यावर इतकी वर्षे खल होतो, पण परीक्षण लिहिणारा त्याच प्रकाशकाचा लेखक आहे आणि त्याचे स्वतःचे पुस्तक तिथेच छपाईला गेलेले आहे, हे वाचकाला कुणी सांगत नाही. तुझी नायिका काय वाटेल ते करो. तू मैत्रिणीच्या पुस्तकावर लिहिणार असशील, तर ती मैत्रीण आहे हे पहिल्या परिच्छेदात लिही.

माझे काय झाले तेही सांगतो. अशाच एका पुरवणीला नाही म्हटल्यावर मला बाजारभावाच्या पानावर बसवले, आणि माझ्याबरोबरचे लोक संपादक होत असताना मी सोयाबीन, तूर आणि कापूस यांचे दर लावत राहिलो. बायकोने एका शब्दाने कधी बोलून दाखवले नाही, पण मुलाच्या फीसाठी तिने हौसेने केलेल्या पाटल्या मोडल्या, त्याची खंत मला आहे आणि ती जाणार नाही. काही जण म्हणतात की मला हुतात्मा म्हणून मिरवायचे होते. म्हणोत बापडे. माझ्या पानावरचे दर बाजार समितीतून रोज विचारून घेतलेले असत आणि माल आज काढायचा की थांबायचे हे शेतकरी त्यावरून ठरवत, त्यामुळे त्या पानाची मला कधी लाज वाटली नाही.

तेव्हा आता एवढेच कर. संपादकांना तोंडी सांगू नकोस, मेल कर. त्यात लिही की पानाच्या माथ्यावर सहज वाचता येईल अशा टाइपात ‘जाहिरात’ असे छापावे, कोपऱ्यातल्या मुंगीएवढ्या अक्षरांत नव्हे. ते मान्य नसेल तर लेखावरचे तुझे नाव काढावे. दोन्ही नाकारले तर लेख देऊ नकोस. घरभाडे आणि भावाचे शिक्षण तुझ्यावर आहे हे मी विसरलेलो नाही, म्हणून राजीनाम्याची भाषा इतक्यात नको. ती तू पत्रात दोनदा केली आहेस. मेलचा मसुदा मला तपासायला पाठवू नकोस. तो तुझा तूच लिही, आणि उत्तर काय येते ते मात्र त्याच दिवशी कळव.

कळावे.