रणगाड्यावर लढताना वीरमरण पत्करलेल्या एखाद्या जवानाची स्मृती महाराष्ट्रात कुठे जपली आहे का?

होय. सेकंड लेफ्टनंट अरुण खेत्रपाल, ‘१७ पूना हॉर्स’ या रणगाडा रेजिमेंटचे. त्यांचा जन्म पुण्यातला, १४ ऑक्टोबर १९५०चा. जून १९७१ मध्ये ते अधिकारी झाले आणि सहाच महिन्यांनी, १६ डिसेंबरला, भारत-पाकिस्तान युद्धात, शकरगड भागातील बसंतर नदीच्या लढाईत धारातीर्थी पडले. त्यांच्या सेंच्युरियन रणगाड्याचे नाव ‘फामागुस्ता’ होते. तो पेटल्यावर वरिष्ठांनी बाहेर पडण्याचा आदेश दिला. परंतु मुख्य तोफ अजून चालते आहे, असे रेडिओवरून कळवून, आपण मागे सरलो तर शत्रूला वाट मोकळी होईल हे जाणून, ते शेवटपर्यंत लढत राहिले. वय अवघे २१. त्यांना मरणोत्तर परमवीरचक्र मिळाले.

त्यांचे स्मरण करताना त्याच रणगाड्यात प्राण गमावलेल्या सवार नंदसिंग यांचेही नाव आवर्जून घ्यावे, असे मला मनापासून वाटते, कारण रणगाडा एकट्याने लढत नाही.

‘फामागुस्ता’ अहिल्यानगरच्या आर्मर्ड कोअर सेंटर अँड स्कूलमध्ये जतन केलेला आहे, तर खडकवासल्याच्या राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीत, जिथे ते स्वतः शिकले, तिथल्या संचलन मैदानाला खेत्रपालांचेच नाव आहे.