नगरसेवक म्हणून करिअर करता येतं का?

तुम्ही विचारलंय: वय 26, इंजिनिअर, पुण्यात नोकरी, घरात कोणी राजकारणात नाही, नगरसेवक होऊन पुढे करिअर करता येईल का आणि पगार किती? मी पुण्यातल्या एका नगरसेवकाच्या संपर्क कार्यालयात बरीच वर्षं काम केलंय. तिथून जे दिसलं ते सांगतो.

पगाराचं आधी उरकतो. पगार नसतो, मानधन असतं. 2017 साली वाढ झाल्यावर पुण्यात ते महिना 20 हजार झालं, मुंबईत 25 हजार. आमदारांसारखी पेन्शन नाही. कार्यालयाचं भाडं, पोरांचा चहा-वडापाव, गणपती मंडळांच्या वर्गण्या, लग्नांतले आहेर, सगळं त्यातून भागवायचं म्हटलं तर पहिल्या आठवड्यातच खिसा रिकामा. म्हणून बहुतेकांचा दुसरा धंदा असतो. तो कोणता, यावर त्या माणसाचं पुढचं बरंच काही ठरतं. महापालिकेच्या ठेक्यात हितसंबंध निघाले तर पद जातं, असं कायदा म्हणतो. कायदा बरंच काही म्हणतो.

कामाचं स्वरूप लोकांना माहीत असतं तसंच आहे. सकाळी फोन: चेंबर तुंबलंय, पाणी कमी दाबाने येतंय, आरोग्य कोठीवरचा (सफाई कामगारांच्या हजेरीच्या ठिकाणचा) मुकादम ऐकत नाही. मग कनिष्ठ अभियंत्याला फोन. दुपारी दशक्रिया, संध्याकाळी वाढदिवस. खरा अधिकार मात्र इथे नाही. आपल्याकडे महापालिकेचा कारभार हाकतो तो आयुक्त, आणि तो सरकारने नेमलेला अधिकारी असतो. नगरसेवकाचा जोर अंदाजपत्रकात. त्याने सुचवलेली प्रभागातली कामं अंदाजपत्रकाच्या ‘स’ यादीत येतात. तुमच्या चौकातली बाकडी, ‘यांच्या संकल्पनेतून’ अशा पाट्या, कापडी पिशव्या, हे सगळं बहुधा तिथलंच. त्याच्या वरची पायरी म्हणजे स्थायी समिती. सदस्य 16, दरवर्षी निम्मे निवृत्त होतात, मोठ्या निविदा तिथून जातात. महापौराच्या गाडीवर दिवा असायचा तेव्हाही जाणकारांचा डोळा स्थायीच्या अध्यक्षपदावरच असे.

आता करिअरबद्दल. पाच वर्षं राबलात, रस्ते केले, लोक नावाने ओळखायला लागले. निवडणुकीआधी प्रभागाच्या हद्दी बदलतात आणि आरक्षणाची सोडत निघते. तुमची जागा महिलांसाठी किंवा दुसऱ्या प्रवर्गासाठी गेली की संपलं. 2011 पासून निम्म्या जागा महिलांसाठी आहेत, आणि त्यामुळे खूप चांगल्या बायका सभागृहात आल्या, हे मी डोळ्यांनी पाहिलंय. पण त्याच सोडतीनंतर ‘आता वहिनींना उभं करू’ हेही ऐकलंय, आणि निवडून आल्यावर फोन दादाच उचलतो. प्रभागरचनेचं तर विचारूच नका. पुण्यात 2007 साली एका प्रभागात एकच नगरसेवक होता, 2012 ला दोन, 2017 ला चार. चौघांच्या प्रभागात एका ड्रेनेजलाइनचं उद्घाटन चारदा होतं आणि तुंबली की चौघांचेही फोन लागत नाहीत.

त्याहून वाईट गोष्ट म्हणजे 2017 ला निवडून आलेल्या नगरसेवकांची मुदत मार्च 2022 मध्ये संपली आणि पुढची निवडणूक झाली थेट 15 जानेवारी 2026 ला. ओबीसी आरक्षण आणि प्रभागरचनेचा वाद कोर्टात, तोवर कारभार प्रशासकाच्या हाती. त्या जवळपास चार वर्षांत माजी नगरसेवकाच्या हाती ना निधी, ना मानधन, ना पद. लोकांचे फोन मात्र तसेच. ज्यांचं घर या पदावर अवलंबून नव्हतं तेच तगले. बाकीचे कुणी पक्ष बदलले, कुणी प्लॉटिंगमध्ये गेले.

पुढे जाणारे जातात, नाही असं नाही. देवेंद्र फडणवीस 1992 साली नागपुरात नगरसेवक होते, एकनाथ शिंदे 1997 साली ठाण्यात. दोघेही मुख्यमंत्री झाले. आपल्या पुण्यात गिरीश बापट 1983 साली नगरसेवक झाले, स्थायीचे अध्यक्ष झाले, मग 1995 पासून सलग पाच वेळा कसब्याचे आमदार आणि शेवटी खासदार. माजी महापौर मुरलीधर मोहोळ 2024 ला थेट लोकसभेत गेले. पण ही नावं तुम्हाला माहीत आहेत, कारण ती थोडी आहेत. पुण्यात नगरसेवक 165 आणि शहरातले आमदार 8. त्या आठांतलाही एकदा बसलेला सहसा उठत नाही.

म्हणून माझं म्हणणं एवढंच की नोकरी सोडू नका. तिकीट घराणं नसलेल्यालाही मिळतं, पण आधी पक्षाचं बूथ सांभाळावं लागतं, मतदार यादीतलं घर न् घर तोंडपाठ करावं लागतं. वयाची अट 21 ची आहे, ती तुम्ही पार केलीच आहे. राखीव जागेचा विचार असेल तर जात वैधता प्रमाणपत्र आत्ताच काढून ठेवा, ऐन वेळी ते मिळत नाही. तिसरं मूल झालं तर उमेदवारी बाद होते, आणि स्वतःच्या घराचं अनधिकृत बांधकामही पद घालवू शकतं. गच्चीवर पत्र्याची शेड असेल तर आधी ती बघा.