मावशीचे ८० तास

प्रश्न: ताई, मावशी ५८ वर्षांची, सिटिझन आहे, न्यू जर्सीत एकटीच राहते. एका ग्रोसरी स्टोअरमध्ये आठवड्याला १२ तास काम करते, सरकारी मदतीच्या ईबीटी कार्डावर किराणा घेते. आता पत्र आलंय की महिन्याला ८० तास काम दाखवा नाहीतर स्नॅप (म्हणजे हीच किराण्याची सरकारी मदत) बंद. ती म्हणते नकोच ते कार्ड, या वयात दुसरी नोकरी कुठे शोधू? खरंच बंद होईल का?
– एक भाची

उत्तर: अगं, आधी मावशीला सांग की कार्ड टाकून देऊ नको. नियम तसा जुनाच आहे, १९९६ पासूनचा, सांभाळायला मुलं नसलेल्या धडधाकट माणसाला ३६ महिन्यांत फक्त ३ महिने स्नॅप, पुढे हवं तर महिन्याला ८० तास काम. आधी वयाची अट ४९ पर्यंत होती, मग ५४ झाली आणि जुलै २०२५ च्या कायद्याने एकदम ६४ वर नेली, म्हणून मावशी आत्ता अडकली. (६२ व्या वर्षी नोकरी कोण देतं हे कायदा करणाऱ्यांनी एकदा सांगावं!)

आता हिशोब कर. आठवड्याला १२ म्हणजे महिन्याचे साधारण ५२ तास झालेच की, उरले २८. ते पगाराचेच हवेत असं नाही, गरजूंना फुकट धान्य देणाऱ्या फूड पँट्रीत वगैरे व्हॉलंटियरिंग केलं तरी चालतं, सरकारी ट्रेनिंगचे तासही धरतात. मंदिरात दर रविवारी स्वयंपाकाला जात असेल तर तेही स्नॅप ऑफिसातल्या केसवर्करला विचार, पण तासांचं सहीचं पत्र लागेल, नुसतं तोंडी सांगून भागत नाही.

आणि मला खरं विचारायचंय ते हे, तब्येत कशी आहे तिची? गुडघे, पाठ, डिप्रेशन, कशामुळेही काम झेपत नसेल तर डॉक्टरांकडून लिहून घे, त्यातून सूट मिळते. कुणा आजारी माणसाचं करत असेल तरी मिळते. आपल्याकडच्या बायका विचारलं की "मी ठणठणीत" म्हणून मोकळ्या होतात, ऑफिसात असं बोलू नको म्हणावं!

पत्रावरची तारीख मात्र चुकवू नकोस, पेस्लिपा जोडून उत्तर पाठव, कॉपी ठेव. तरीही बंद केलंच तर ९० दिवसांत फेअर हिअरिंग, म्हणजे निर्णयाविरुद्ध सुनावणी, मागता येतं, आणि समजा ३ महिने संपून गेले तरी नंतर कुठल्याही सलग ३० दिवसांत ८० तास भरले की परत अर्ज करता येतो.