पीडीएफचं ईपब केलं की मराठीची पार वाट लागते, कुठलं सॉफ्टवेअर वापरू?

तुम्ही विचारलंय की गावच्या शाळेतल्या मुलांना फोनवर वाचायला मराठी पुस्तकं द्यायचीत, पीडीएफ आहेत पण ईपब (फोनच्या पडद्याप्रमाणे ओळी बसवून घेणारी ई-पुस्तकाची फाइल) केलं की अक्षरांचा कचरा होतो. अहो, सॉफ्टवेअरचा दोष नाहीये. मीपण चार-पाच कन्व्हर्टर डाऊनलोड करून शिव्या घालत बसलेलो. माझी नव्या पेठेत छोटी अभ्यासिका आहे, एमपीएससीची पोरं येतात, वाचतात सगळं फोनवर, आणि ए-फोरची पीडीएफ फोनवर म्हणजे एकेक ओळ वाचायला डावी-उजवीकडे सरकवत बसायचं, कोण वाचणार?

आधी पीडीएफमधली एक ओळ कॉपी करून व्हॉट्सअ‍ॅपवर स्वतःलाच पाठवून बघा. नीट मराठी आली तर नशीबवान आहात, कॅलिबर नावाचं फुकटातलं ई-पुस्तकांचं सॉफ्टवेअर घ्या आणि कन्व्हर्ट करा. ओळ सिलेक्टच होत नसेल तर ते स्कॅन आहे, म्हणजे नुसते फोटो. आणि इंग्रजी अक्षरं, पौंडाची खूण, टिंबं असलं काहीतरी आलं तर पुस्तक जुन्या फॉन्टमध्ये टाइप झालंय. श्रीलिपी, कृतीदेव वगैरे. त्यात आकार फक्त मराठी दिसतो, खाली कोड इंग्रजीचाच असतो, कृतीदेवात 'क' दिसतो तिथे फाइलमध्ये इंग्रजी 'डी' बसलेला असतो. फॉन्ट गेला की सोंग उघडं पडतं, कॅलिबर तरी काय करणार! चौथा प्रकार सगळ्यात छळवादी, युनिकोड (मराठी अक्षरांना स्वतःचे कोड देणारी आजची पद्धत) असतं पण वेलांटी नि रफार जागा सोडून पळतात, 'विद्यार्थी'चं 'वद्यािर्थी' होतं.

या शेवटच्या तिन्हींना मी सरळ ओसीआर करतो, म्हणजे पानाच्या चित्रातली अक्षरं कॉम्प्युटरकडून ओळखून घेतो. गूगल ड्राइव्हवर टाकायचं, राइट क्लिक करून गूगल डॉक्समध्ये उघडायचं, मराठी बऱ्यापैकी ओळखतं. पण अख्खं पुस्तक एकदम चढवू नका, मी दहा-दहा पानांचे तुकडे करतो. मग वाचून दुरुस्त्या करायच्या, हे काम कंटाळवाणं आहे आणि त्याला पळवाट नाही. शेवटी डॉकएक्स (वर्डची नवी फाइल) म्हणून सेव्ह करून ते कॅलिबरला द्या (जुनी डॉक फाइल ते घेत नाही). प्रकरणांच्या नावांना हेडिंग स्टाइल लावली तर अनुक्रमणिका आपोआप होते.

पानांचे आकडे मात्र आठवणीनं काढा. पीडीएफला परिच्छेद कळत नाही, कुठलं अक्षर पानावर कुठे एवढंच कळतं, त्यामुळे पान नंबर वाक्यात घुसतो. आमच्या एका नोट्समध्ये पान ४७ संपलं ते नेमकं वाक्याच्या मधे, आणि झालं काय, 'शाहू महाराजांनी १९०२ साली ४७ ५० टक्के जागा राखीव ठेवल्या'. एका पोरानं येऊन विचारलं, सर, ४७५० टक्के कसे?

किंडलसाठी मोबी (किंडलचा जुना फाइल प्रकार) करा असं जुन्या उत्तरांत वाचाल, ते सोडा, २०२२ पासून सेंड टू किंडलला (किंडलवर फाइल पाठवायची अ‍ॅमेझॉनची सोय) ईपब चालतं. आणि विकतच्या ईबुकचं लॉक तोडून वाटत बसू नका. लेखक ओळखीचा असेल तर मूळ वर्ड फाइलच मागा, निम्मं काम वाचेल.

ईपब झालं की कॉम्प्युटरवर बघून खूश होऊ नका, वर्गातल्या सगळ्यात जुन्या फोनवर उघडा. आमच्याकडे एकाच्या फोनवर सगळी जोडाक्षरं तुटून दिसत होती, फाइल ठीक होती, वाचायचं अ‍ॅप बदलल्यावर जमलं.